खुर्च्यांची वाटणी

गणपतीत परळच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. आरती झाली आणि मावसभावाने विषय काढला: मुंबईचा महापौर आळीपाळीने करा, एकदा मराठी, एकदा गुजराती, एकदा उत्तर भारतीय, म्हणजे भांडणच मिटेल. मी हरकत घेतली तर म्हणाला, "तुम्ही बाहेरचे. सारायेव्होत बसून आम्हाला शिकवू नकोस."

दादा, सारायेव्होत बसलोय म्हणूनच सांगतोय. तू म्हणतोस तसली वाटणी इथे बोस्नियात १९९५ पासून आहे. साडेतीन वर्षं युद्ध चाललं, लाखभर माणसं मेली. शेवटी डेटनचा तह झाला आणि देशाची राज्यघटना त्या तहाचं परिशिष्ट म्हणून आली. अध्यक्षमंडळात तिघं: एक बोस्नियाक, म्हणजे इथल्या मुस्लिम समाजाचा, एक क्रोएट, एक सर्ब. दर आठ महिन्यांनी मुख्य खुर्ची फिरते. गोळीबार थांबला, हे मोठंच. पण पुढाऱ्याला दुसऱ्या समाजाकडे मत मागायला जावंच लागत नाही. आपल्या माणसांना घाबरवत ठेवलं की निवडून येतो.

इथलेच दोन नागरिक: देर्वो सेइदिच रोमा समाजाचा, याकोब फिन्सी ज्यू. घटनेच्या भाषेत 'इतर'. त्यांना अध्यक्षमंडळासाठी उभंच राहता येत नाही. २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी ती अट हटली नाही. यायत्से गावात तर बोस्नियाक आणि क्रोएट मुलांच्या शाळा वेगळ्या करायला निघाले होते. मुलंच रस्त्यावर उतरली, तेव्हा २०१७ मध्ये तो बेत सोडावा लागला.

मराठीचा आग्रह धर, मीही धरतो. भाषा कुणालाही शिकता येते. पण खुर्ची जन्मावर वाटलीस, तर आपल्या मजल्यावरच्या तमिळ मास्तरांनी कुठे उभं राहायचं? तुला-मला मराठी व्याकरण त्यांनीच शिकवलं ना?

तुझा राग मला परका नाही. सुट्टीवर आलो की नव्या टॉवरखालच्या पाटीवर मराठी आडनावं मोजतो. चार-पाच सापडली की जीव खट्टू होतो. बायकोला हे कधी सांगितलं नाही.

उद्या इथलं नागरिकत्व घेतलं, तर मीही 'इतर'मध्येच. इलिजाच्या ट्राममध्ये रोज वीस मिनिटं उभा असतो, तिथे त्याचं काही वाटत नाही. पण ते 'बाहेरचे' तुझ्या तोंडून आलं. त्याच चाळीत, तुझ्या शेजारच्या खोलीत जन्मलोय मी, दादा.