फक्त प्रतिहल्ला नव्हता तो!

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीने ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ हरवलं, त्याचं श्रेय त्या सामन्यावरच्या लेखात फक्त प्रतिहल्ल्यांना, म्हणजे चेंडू हिसकावून लगेच केलेल्या वेगवान चढायांना, दिलंय. मला ते पटत नाही. बागानचे तेव्हाचे प्रशिक्षक हबास तीन बचावपटू ठेवून खेळत होते. विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे खेळाडू) वर गेले की त्यांच्या मागे जागा मोकळी राहते, आणि मुंबईचे प्रशिक्षक क्रॅटकी यांचा डोळा नेमका त्या जागेवर होता. आपला विंगर छांगटे सतत टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून उभा होता, त्यामुळे बागानची बचावफळी ताणली गेली आणि मधल्या फटी उघड्या पडल्या. ५३व्या मिनिटाला नोगेराच्या लांब पासवर आपला पेरेरा डियाझ धावला आणि गोल केला तो अशाच फटीतून. पळण्याची वेळ किती अचूक साधली होती त्याने! मी तो गोल किती वेळा पाहिला असेन, गणतीच नाही.

त्याआधी ४४व्या मिनिटाला बागानच्या कमिन्सने गोल केला तेव्हा पोटात गोळा आला होता. तीनच आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, याच मैदानावर बागानकडून २-१ हरून शील्ड (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्या संघाचा चषक) गमावली होती ना आपण. तरी मध्यंतरानंतर पोरं घाईला आली नाहीत, चेंडू जमिनीवरच फिरवत राहिली. ८१व्या मिनिटाला आपल्या बिपिनचा गोल झाला आणि मला २०२१चा गोव्यातल्या फातोर्ड्याचा अंतिम सामना आठवला. तेव्हाही समोर बागानच होतं आणि ९०व्या मिनिटाला जिंकून देणारा हाच बिपिन.