ढगांतली भोकं बघून पेरणी थांबवू नका

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर उपग्रहाचा एक फोटो फिरतोय. पांढऱ्या ढगांच्या थरात गोल, लांबट भोकं दिसतात आणि खाली मजकूर असा: ‘हे आपल्या सह्याद्रीवरचं आकाश. अमेरिकेच्या हार्प यंत्रानं ढग फोडले, उरलेला पाऊस सोलापूरची विमानं पळवतायत. यंदा पाऊस नाही, पेरणी करू नका.’ खानापूर भागातल्या माझ्या मामांनी हे वाचून भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधीची कोरडी पेरणी थांबवली. रान तयार, बियाणं घरात, आणि माणूस मोबाईल बघत बसलाय. म्हणून हे लिहितोय.

फोटो सह्याद्रीवरचा नाहीच. नासाच्या टेरा उपग्रहानं २९ जानेवारी २००७ ला अमेरिकेत, लुईझियानाच्या आसपास तो टिपला. त्याच दिवसाची उपग्रहचित्रं तपासून हवामानशास्त्रज्ञ अँड्र्यू हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात भोकांचं कारण मांडलं. उंचावरच्या पातळ ढगांत पाण्याचे थेंब शून्याखाली कितीतरी अंशांवरही न गोठता राहतात. त्यातून विमान गेलं की पंखांवरची हवा प्रसरण पावून एकदम आणखी गार होते आणि काही थेंबांचा बर्फ होतो. शेजारचे थेंब विरून त्यांची वाफ या बर्फावर जमते, जड झालेला बर्फ खाली सरकतो आणि भोक रुंदावत जातं. म्हणजे भोकं माणसामुळे पडतात, एवढं मान्य. पण ती पाडतात साधी प्रवासी विमानं, आणि त्या पातळ ढगांवर आपलं भात कधीच पिकत नव्हतं.

हार्प हे संशोधन केंद्र अलास्कात आहे. रेडिओ लहरी सोडून साधारण ८० किलोमीटरच्या वरच्या हवेचा अभ्यास तिथं होतो. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी खाली असतात. त्यावर आणखी बोलायला नको.

सोलापूरचं थोडं खरं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात तिथं विमानानं ढगांत बीजारोपण केलं, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून ढगांत बारीक कण सोडले, आणि त्या भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं नोंदवलं. कर्नाटक सरकारनंही २०१७ मध्ये ‘वर्षाधारी’ हा असाच प्रकल्प राबवला होता. पण पळवणं कसलं? पावसाळी वारा अरबी समुद्रावरून येतो, आपला कणकुंबी-जांबोटीचा घाट चढतो आणि मग पूर्वेकडं सरकतो. सोलापूर आपल्या ईशान्येला, घाटापासून कितीतरी दूर. आपल्यावर बरसून पुढं गेलेल्या ढगात तिथं काही फवारलं, तर कणकुंबीचा पाऊस मागं कसा ओढला जाईल? आणि आधी ढगच नसेल तर बीजारोपण कशात करणार?

सगळ्यात वाईट ते शेवटचं वाक्य. धूळवाफ म्हणजे कोरड्या मातीत, पावसाच्या आधी. एकदा जमीन भिजून चिखल झाला की पेरणीची कुरी चालत नाही. मग रोप टाका, चिखल करा, लावणीला माणसं शोधा, आणि ऐन हंगामात माणसं मिळत नाहीत. फोटो पाठवणाऱ्याचं यात काही जात नाही. मजुरी आणि वाया गेलेले दिवस शेतकऱ्याच्याच अंगावर पडतात.

पेरायचं की थांबायचं, हे हवामान खात्याचा अंदाज बघून ठरवा, जवळच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. आणि ज्यांनी हा फोटो पुढं पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर त्याची खरी तारीख आणि जागा आजच टाकावी. पेरणीचे दिवस थोडेच उरलेत.