पैसा कुणाचा, आणि विषय कोण ठरवतं

नमस्कार,

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असं म्हणून माझ्या लेखावर तुम्ही विचारलंत, की सरकारी पैशावर चालणाऱ्या संघर्ष टाळू पाहणाऱ्या अभ्यास-संस्थांना मी ‘स्वतंत्र’ कसं म्हणतो. देणारे अनेक असले की कुणा एकाची हुकमत चालत नाही, हे माझं वाक्यही तुम्ही खोडून काढलंत: देणारे अनेक, पण गोट एकच. हे मला मान्य आहे. युद्धाचा धोका आधीच ओळखून इशारा देणाऱ्या इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या संस्थेला निधी देणाऱ्या सरकारांत पाश्चात्त्य देशांचीच गर्दी आहे. मी डोकी मोजली, गोट मोजले नाहीत.

पण म्हणून अहवालच विकले जातात, हे मला पटत नाही. स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही शस्त्रव्यापार आणि शांततेचा अभ्यास करणारी संस्था १९६६ साली स्वीडिश संसदेच्या निर्णयातून उभी राहिली. आजही तिचा मुख्य आधार स्वीडिश सरकारचं वार्षिक अनुदान आहे. तरी शस्त्र निर्यात करणाऱ्या देशांच्या तिच्या यादीत स्वीडन असतोच. अर्थात आकडा छापणं त्यातल्या त्यात सोपं. ‘अमुक बंडखोरांशी बोला’ असं आपल्याच दात्याला सांगणं कितीतरी अवघड.

दबाव छापलेल्या ओळींत क्वचितच सापडतो. तो कधीच न लिहिल्या गेलेल्या अहवालांत असतो. अनुदान मोकळं असेल तर संस्था स्वतः विषय निवडते. प्रकल्पापुरतं असेल तर देश, मुदत, अपेक्षित परिणाम सगळं अर्जातच ठरून जातं. त्यात या कामाचं यश म्हणजे न झालेलं युद्ध. ते दात्याला दाखवायचं कसं? मग ज्या देशाकडे सगळ्यांचं आधीच लक्ष आहे, तिथलेच प्रकल्प मंजूर होतात. जिकडे कुणी बघत नाही तिथला धोका वेळेत ओळखणं, या खऱ्या कामाला पैसा मिळत नाही. याचा मला फार त्रास होतो, कारण रवांडा आणि बोस्नियातल्या संहारांनंतर, १९९५ मध्ये, क्रायसिस ग्रुपची स्थापना झाली ती याच कामासाठी.

खासगी पैसा निर्मळ असतो असंही नाही. न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल पीस इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांना २०२० मध्ये, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनशी जोडलेल्या देणग्यांवरून पद सोडावं लागलं.

तुम्ही सुचवलेला उपाय म्हणजे कायद्याने बांधलेला सार्वजनिक निधी. तो अमेरिकेत करून झाला आहे. १९८४ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस ही सरकारी निधीवरची शांतता-संस्था उभारली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तिचे बहुतेक संचालक हटवले, इमारत ताब्यात घेतली, बहुतेक कर्मचारी काढून टाकले. मे महिन्यात एका न्यायाधीशांनी ही कारवाई बेकायदा ठरवली, आणि जूनमध्ये अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कायदा होता, तरी एकाच दात्यावर उभी असलेली संस्था काही दिवसांत रिकामी झाली.

मूळ लेखातलं ‘देणारे अनेक’ हे वाक्य मी आज बदलतो आहे. यापुढे अशा कुठल्याही संस्थेविषयी लिहिताना तिचा मोकळा निधी किती आणि बांधलेला किती, हे तपासल्याशिवाय ‘स्वतंत्र’ हा शब्द वापरणार नाही.