सही जुळत नाही? मग असं करा

बँकेत सही जुळली नाही म्हणून परत पाठवलं असेल तर रागावू नका, चूक तुमचीच. तीस वर्षांमागे खातं उघडताना 'पाटील'मधल्या टी-ला जी झोकदार वेलांटी दिली होती, ती संधिवाताच्या बोटांनीही तशीच यायला नको? घरी जा, पाटी घ्या, गिरवा. समोरचे साहेब तुमच्याच गल्लीत राहतात, रोज तुमच्या गोठ्यातलं दूध नेतात, हे मध्ये आणू नका. ते तुम्हाला ओळखतात. नमुना सहीचं कार्ड ओळखत नाही.

डिजिटल सहीच्या नादाला तर लागूच नका. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली, खरं आहे. सही झाल्यावर मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी पडताळणीत तो बदल पकडला जातो, हेही खरं. पण तिची प्रिंट घेऊन टेबलापाशी गेलात की विचारतील, "ह्यावर शिक्का कुठाय?" तेव्हा झेरॉक्स काढून अटेस्टेड करूनच न्या.

पासवर्डचं मात्र टेन्शन नको. खानापूर असो की निपाणी, नेट सेंटरवाला पोरगा आहे की! त्याच्या वहीत अख्ख्या गावाचे पासवर्ड आहेत, तुमचा तर नावापुढे एक-दोन-तीन. नीट बांधलेली वेबसाइट तुमचा पासवर्ड साठवतच नाही. ती तो घोटून त्याचा हॅश, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा न ओळखता येणारा लगदा, ठेवते. हॅशवरून मूळ शब्द उलगडत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही टाकलेलं नव्याने घोटायचं आणि दोन्ही हॅश जुळतात का बघायचं. म्हणजे जे सर्व्हरलाही ठाऊक नाही ते ह्या पोराला तोंडपाठ. एवढा विश्वासाचा माणूस सोडू नये.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले का बघायला गेलात की तो आतूनच ओरडतो, "ओटीपी सांगा की मावशी!" मावशींनीही संकोच करू नये. चष्मा नसला तर मोबाईल मागच्याच्या हातात द्यावा, तो खड्या आवाजात वाचतो.

दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. हे त्या पोराला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल. मग कानडी फॉर्म कोण भरणार?

आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पोर्टलवर तक्रार करायची तर पुन्हा त्याच्याकडेच जा. तिथेही ओटीपी येतो. जरा मोठ्याने सांगा, रांग खोळंबलीय.