तोंडी आदेशाचे काय?

सार्वजनिक सेवेतील नैतिकता हा अखेर व्यक्तीच्या संस्कारांचा प्रश्न आहे, हे याच विषयावरील एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. लाच घेऊ नये हे कोणाला शिकवावे लागत नाही. खरी कसोटी लागते ती नियमात न बसणारे काम वरिष्ठ केवळ तोंडी सांगतात आणि नस्तीवर (फाइलवर) सही मात्र कनिष्ठाची हवी असते तेव्हा. मी नोकरीत असताना एका सहकाऱ्याने असा आदेश ‘तोंडी सूचनेनुसार’ अशी नोंद करूनच पाळेन, असा आग्रह धरला. आदेश लगेच मागे घेतला गेला, पण पुढे त्यांच्याकडचे महत्त्वाचे कामही काढून घेण्यात आले, आणि बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. त्या बाकीच्यांचे संस्कार काही वाईट नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी कराराचे लेखात कौतुक आहे, ते रास्तच आहे. मात्र त्याच करारात लाचखोरीला गुन्हा ठरवणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असताना (कलम १५), गैरप्रकाराची सद्हेतूने माहिती देणाऱ्याला संरक्षण देण्याबाबत कलम ३३ केवळ ‘विचार करावा’ इतकेच सांगते. हा फरक लेखात यायला हवा होता. तोंडी आदेशाची लेखी पुष्टी ठरावीक मुदतीत देणे वरिष्ठांवर बंधनकारक करणे आणि ती मागणाऱ्याची बदली किंवा कामातील फेरफार स्वतंत्र यंत्रणेकडून तपासून घेणे, या दोन तरतुदींचा उपयोग मला आणखी एका प्रशिक्षण शिबिरापेक्षा अधिक वाटतो.