नंबर ६४

कोपनहेगनची माणसं फार गोड, असं निघण्याआधी मला दहा जणांनी सांगितलं होतं. गोडच आहेत. तीच तर पंचाईत आहे.

स्ट्रॉयेट हा तिथला खरेदीचा रस्ता. १९६२ साली त्यावरून मोटारी हद्दपार झाल्या, तेव्हापासून किलोमीटरभराहून जास्त नुसते बायका पुढे आणि पिशव्या घेतलेले नवरे मागे. आमच्या घरातली पुढची व्यक्ती लोकरीच्या दुकानात शिरल्यावर मी शेजारच्या गल्लीतली बेकरी गाठली. कपाटात दालचिनीची एकच 'गोगलगाय' उरली होती. त्या वेटोळ्या पावाला डेन्मार्कात खरंच गोगलगाय म्हणतात. २८ क्रोनर. मी मनात बाराने गुणलं आणि लगेच गुणायचं थांबवलं. पोटात जाणाऱ्या घासावरही २५ टक्के कर घेणारं सरकार आणि वर जगात सुखी म्हणून मिरवणारी जनता, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

माझ्यापुढे फक्त एक आजी, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. त्यांचं झालं. काउंटरवरच्या मुलीने बटण दाबलं, पाटीवर ६३ उमटलं. ती माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत म्हणाली, "त्रेसष्ट?"

मी मागे वळून बघितलं. चिटपाखरू नाही.

"मीच आहे."

"तुमच्याकडे त्रेसष्ट आहे?"

"माझ्याकडे नंबर नाही. पण दुकानात माणूसही दुसरा नाही."

ती हसली. इतकं निर्मळ, की भांडायला जागाच राहिली नाही. कोणी खेकसलं तर मला उलट खेकसता येतं, ती आपली मातृविद्या. हसणाऱ्यावर काय करणार?

तेवढ्यात आजींनी माझं कोपर धरलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोराला न्यावं तसं त्यांनी मला दारालगतच्या लाल यंत्रापाशी नेलं. "इथून चिठ्ठी घ्यायची. ओढायची, पण हळू. जोरात ओढली की दोन येतात." मग त्यांनी हवेत ओढून दाखवलं. दोनदा. मी माना डोलावल्या. शिकवणी रंगात आलेली असताना एक तरुण बाबागाडी ढकलत आला, "माफ करा हं" म्हणत आमच्या मधून हात घालून चिठ्ठी घेऊन गेला.

त्रेसष्ट.

मग मी ओढली. हळू. चौसष्ट.

गोगलगाय गेली. बाबागाडीतलं बाळसुद्धा माझ्याकडे बघून हसलं.

"बघा, आता तुम्हीच!" आजी म्हणाल्या. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, आजी बघत होत्या. मी चिठ्ठी उंच धरली आणि विटेच्या वजनाचा काळा राईचा पाव घेतला.

बायको म्हणाली, "हा कशाला आणलास?"

"नंबर लागला होता."