बिदागी नव्हे, 'सहभाग'

आज सकाळी मोबाईलवर एका चर्चासत्राचे निमंत्रण येऊन पडले. 'कलावंत, समाज आणि संशोधन भागीदारी' असा विषय, गुळगुळीत पत्रिका, आणि पहिल्याच पानावर आमचे काका. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या देवळात कीर्तनाच्या साथीला पेटीवर बसलेले आहेत, डावा हात भात्यावर आहे, आणि खाली छापले आहे, 'एक स्थानिक कलाकार'. मार्गदर्शकांची, संयोजकांची, इतकेच नव्हे तर भोजनाचा खर्च उचलणाऱ्यांचीही नावे त्याच पत्रिकेत ठळक अक्षरांत आहेत. काकांचे नाव कोणी विचारले नसेल असे म्हणावे तर तेही खोटे, कारण याच संस्थेने ते तीन प्रतींत लिहून घेतले होते.

तीन वर्षांपूर्वी या संस्थेची मंडळी कीर्तनाच्या अभ्यासासाठी आमच्याकडे आली होती. तीन दिवस ध्वनिमुद्रण चालले. काका ज्यांना साथ करत ते कीर्तनकार बुवा तेव्हा हयात होते. त्यांनी नमनापासून संपूर्ण आख्यान लावले, कीर्तनाचा पूर्वार्ध संपून बुक्का लावून झाल्यावर यंत्र बंद करू पाहणाऱ्या मुलाला 'अजून उत्तररंग आहे, बाळा' असे सांगून थांबवले, आणि काकांनी साकी, दिंडी, कटाव या कीर्तनातल्या पद्यप्रकारांच्या चाली एकेक करून वाजवून दाखवल्या. शेवटी इंग्रजीतले संमतिपत्र पुढे आले आणि काकांनी विश्वासाने सही केली. बिदागीचा, म्हणजे कलावंताच्या मानधनाचा, विषय मी काढला तेव्हा 'ही भागीदारी आहे, सहभागाला मानधन देता येत नाही' असे उत्तर मिळाले. गाडीला भाडे होते, यंत्र चालवणाऱ्याला रोज होता. फुकट होते ते फक्त बुवा आणि काका.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! इथे गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी 'कलावंत कारखाना' नावाचे सरकारी खाते होते, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली आणि थोर गवई फैयाज खाँसाहेब दरबारचे नोकर होते. नोकरी होती म्हणजे हुकूमही ऐकावे लागत, हे मान्य. पण गाणे हे काम आहे आणि कामाला दाम असतो, एवढे त्या कारखान्याला कळत होते.

लिहून ठेवले नाही तर सगळे जाईल, असे कोणी म्हणेल. तेही खरेच आहे; संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून छापल्या नसत्या तर कितीतरी चिजा आपल्यापर्यंत आल्या नसत्या. शिवाय त्या तीन दिवसांत वही घेऊन बसलेल्या मुलीची स्वतःचीच शिष्यवृत्ती सहा महिने अडकली होती, आणि त्या सगळ्यांत तीच एकटी अजून दिवाळीला काकांना फोन करते. तिच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. गेल्या वर्षी बुवा गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते आख्यान एकदा ऐकावे, एवढीच काकांची इच्छा होती. मी संस्थेला लिहिले, तर 'संग्रह केवळ नोंदणीकृत संशोधकांसाठी खुला आहे, कृपया संशोधन प्रस्ताव सादर करावा' असे उत्तर आले. ज्यांनी चाळीस वर्षे बुवांना साथ केली, त्यांनी बुवांचा आवाज ऐकण्यासाठी प्रस्ताव सादर करायचा!

भारत २००५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या ज्या २००३ च्या करारात सामील झाला, त्यात कला जपणाऱ्या लोकांना जतनाच्या कामात सामील करून घ्यावे असे लिहिले आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याला स्वतःचे नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. २०२३ मध्ये गरबा युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे निरोप फिरवले (मीही फिरवले), पण ढोलवाल्याला रात्रीचे किती मिळतात हे मी तरी विचारले नव्हते.

भागीदारी या शब्दाचा अर्थ आम्हा बडोदेकरांना कोणी शिकवायला नको. मांडवीतल्या कोणत्याही कापडवाल्याला विचारा, भागीदाराचे नाव पाटीवर असते आणि वही दोघांनाही उघडी असते. काय अभ्यासायचे हे काकांना विचारले असते तर त्यांनी चालींच्या आधी पेटीचेच गाऱ्हाणे सांगितले असते, कारण त्यांचा नेहमीचा कारागीर थकल्यापासून पेटी सुरात लावून घ्यायला पुण्याला पाठवावी लागते, आणि साथीला नवा मुलगा तयार केला तरी त्याच्या हातावर काय ठेवायचे हा प्रश्न उरतोच. असे प्रश्न त्यांच्या छापील प्रश्नावलीत नव्हते.

दुपारी मी ती पत्रिका काकांसमोर धरली. ते चिडतील असे वाटले होते. त्यांनी फोटो मोठा करायला लावला, बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाले, "हा दुसऱ्या दिवशीचा. बुवांचा घसा बसला होता, म्हणून काळी दोनचा सूर सोडून खालची काळी एक घेतली होती."

शनिवारी, काकांना निमंत्रण नसतानाही, मी त्यांना त्या चर्चासत्राला घेऊन जाणार आहे आणि त्या ध्वनिमुद्रणाची प्रत सगळ्यांसमोर मागणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेनऊला आमच्या घरी यावे. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तिथे पेटी आहे, की आपली न्यायची?"